घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस निवडताना

घरी नवा संगणक आला, की दुकानदाराच्या बिलावरची शेवटची ओळ बहुधा अँटीव्हायरसची असते. ग्राहकाने ते मागितलेले नसते, दुकानदाराने विचारलेले नसते. पण मॉनिटर, यूपीएस आणि की-बोर्डच्या जोडीने एक पुठ्ठ्याचा खोका पिशवीत येतोच. वर्षभराने मुदत संपल्याची लाल सूचना पडद्यावर झळकू लागते आणि पुन्हा त्याच दुकानात फोन जातो. या सगळ्या व्यवहारात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या घराला आणि या संगणकाला हे सॉफ्टवेअर विकत घेण्याची खरोखर गरज आहे का, आणि असल्यास कोणते घ्यावे?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर उघड होते. विंडोजमध्ये स्वतःचे म्हणावे असे संरक्षण नव्हते आणि सायबर कॅफेतून एकदा पेनड्राइव्ह फिरवून आणला, की घरच्या संगणकात काही ना काही शिरलेले असायचे. आज परिस्थिती बदलली आहे. संरक्षणाचे एक बऱ्यापैकी साधन विंडोजबरोबरच येते. उलट ज्या मार्गांनी सामान्य घरांचे नुकसान होते, ते मार्ग पुष्कळदा अँटीव्हायरसच्या आवाक्याबाहेरचे असतात. म्हणूनच निवडीचा विचार उत्पादनांच्या यादीपासून नव्हे, तर घरच्या संगणकाच्या स्थितीपासून सुरू करणे इष्ट ठरते.

फ्लॉपीच्या काळापासून

आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून 'ब्रेन'चे नाव घेतले जाते. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला आणि फ्लॉपीमागून फ्लॉपी करत तो जगभर गेला. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' २६ एप्रिल १९९९ रोजी जागा झाला आणि त्याने हार्ड डिस्कवरील माहिती तर पुसलीच, पण काही मदरबोर्डांवरील बायोस चिपही निकामी केली. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' या शीर्षकाचे ई-मेल फिलिपिन्समधून निघाले आणि काही तासांत खंडोखंडीच्या कचेऱ्यांचे मेल सर्व्हर बंद पडले.

अँटीव्हायरसचा धंदा याच काळात वाढला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि संगणकशास्त्र शिकलेले त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यास स्वतःचे अँटीव्हायरस बाजारात आणले. 'क्विक हील' हे त्याचे नाव पुढे २००७ मध्ये कंपनीनेच धारण केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचे 'ई-स्कॅन' आणि चेन्नईचे 'के-सेव्हन' ही आणखी दोन देशी नावे. परदेशी नावांची भाऊगर्दी ग्राहकाला परिचित आहेच.

हे सॉफ्टवेअर काम कसे करते, हे थोडक्यात जाणून घेतल्यास पुढची निवड सोपी होते. मूळ पद्धत ओळखपरेडीची होती. पोलीस ठाण्याच्या फलकावर फरारी गुन्हेगारांची छायाचित्रे लावलेली असतात, तशी ज्ञात व्हायरसांच्या खुणांची यादी संगणकात ठेवायची आणि प्रत्येक फाइल तिच्याशी ताडून पाहायची. यादी जुनी झाली की पहारेकरी आंधळा होतो; 'अपडेट' रोज घ्या असे सांगितले जाते ते यासाठी. मात्र व्हायरस लिहिणाऱ्यांनी प्रत्येक प्रतीचा चेहरा थोडा थोडा बदलण्यास सुरुवात केल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. तेव्हा फाइलच्या चेहऱ्याऐवजी तिच्या वर्तनावर नजर ठेवण्याची पद्धत आली. एखादा प्रोग्रॅम अकस्मात शेकडो छायाचित्रे व कागदपत्रे एकामागोमाग एक बदलू लागला, तर त्याचे नाव यादीत नसले तरी त्याला थांबवायचे. तिसरी पायरी इंटरनेटची. अनोळखी फाइल दिसताच कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे विचारणा होते आणि क्षणार्धात निकाल येतो. आजची सर्व प्रमुख उत्पादने या तिन्ही पद्धती वापरतात. खोक्यावर छापलेले 'कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संरक्षण' हे शब्द पाहून कोणी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

आधी विंडोज कोणती ते पाहावे

अँटीव्हायरस हा घराचा पहारेकरी मानला, तर विंडोज ही घराची भिंत आहे. भिंतीलाच भगदाड असेल, तर पहारेकरी कितीही दक्ष असून उपयोग मर्यादित. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला, तेव्हा ज्या त्रुटीतून तो आत शिरत होता ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली त्यांच्या दारावरून तो निघून गेला. कोणाकडे कोणते अँटीव्हायरस आहे, यापेक्षा दुरुस्ती बसवलेली आहे की नाही, हा प्रश्न त्या दिवशी अधिक निर्णायक ठरला.

हा मुद्दा आज घरोघरी लागू पडतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधी घेतलेले असंख्य घरगुती संगणक उत्तम चालत असूनही त्या परीक्षेत बसत नाहीत. अशा ग्राहकाला दुकानात 'चांगले अँटीव्हायरस टाकून घ्या, काही होत नाही' असा सल्ला मिळतो. तो सल्ला चुकीचा आहे. विंडोज १० मधील डिफेंडरला व्हायरसांच्या खुणांची ताजी यादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. परंतु यादी ताजी असणे आणि भिंतीतील भेगा बुजवल्या जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकतच्या अँटीव्हायरसलाही या भेगा बुजवता येत नाहीत.

घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव योजना आणली आणि तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी ठेवली. मायक्रोसॉफ्ट खात्याशी संगणक जोडून सेटिंग्ज त्या खात्यात साठवण्याची तयारी असल्यास तिच्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, अशी सोयही त्यात होती. त्यापुढे मार्ग दोनच. संगणक बदलावा, किंवा जुन्याच संगणकावर लिनक्सची उबुंटू अथवा मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसवावी. पत्रव्यवहार, बँकेचे संकेतस्थळ, मुलांचा अभ्यास एवढ्यापुरता वापर असेल, तर दुसरा मार्ग वाटतो तितका अवघड नाही. विंडोज ७ वर अजूनही काम करणाऱ्यांनी तर अँटीव्हायरसचा विचार बाजूला ठेवून प्रथम त्या संगणकावरील बँकेचे व्यवहार थांबवावेत. क्रोम ब्राउझरची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती होती आणि तिलाही आता काही वर्षे उलटली आहेत.

आणखी एक अप्रिय गोष्ट. 'असेम्बल' केलेल्या संगणकात चोरीची विंडोज टाकून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती चालू ठेवण्यासाठी जे 'ॲक्टिव्हेटर' वापरले जातात, ते चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना त्यांच्याबरोबरच लिहिलेली असते. ज्या संगणकाचा जन्मच पहारेकऱ्याला झोपवून झाला, त्यावर नंतर दोन-तीन हजारांचे संरक्षण बसवण्यात फारसा अर्थ नाही.

सोबत आलेले पुरते का?

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' हे विनामूल्य अँटीव्हायरस दिले, तेव्हा जाणकारांनी त्याची फारशी दखल घेतली नव्हती आणि ते रास्तही होते. २०१२ च्या अखेरीच्या चाचण्यांत त्याला जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' या संस्थेचे प्रमाणपत्रही राखता आले नाही. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' या नावाने हे संरक्षण विंडोजचाच भाग बनले. त्यानंतरच्या वर्षांत त्यात इतकी सुधारणा झाली, की त्याच संस्थेच्या चाचण्यांत ते विकतच्या उत्पादनांच्या बरोबरीने गुण मिळवू लागले. डिफेंडर म्हणजे काहीच नाही, असे सांगणारा विक्रेता दहा वर्षांपूर्वीच्या माहितीवर बोलत असतो.

त्यात उणिवा नाहीत असे मात्र नाही. त्याची बरीच ताकद इंटरनेटवरून होणाऱ्या विचारणेत आहे. जोडणी तोडून घेतलेल्या चाचण्यांत त्याची ओळखण्याची क्षमता ठळकपणे घसरलेली दिसते. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर मोठ्या फाइलींची नक्कल करताना ते संगणकाला जड जाते. फिशिंगच्या संकेतस्थळांपासून संरक्षण मिळते ते मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये. क्रोम व फायरफॉक्समध्ये ते काम त्या त्या ब्राउझरची स्वतःची यंत्रणा करते.

असे असले तरी आधार चालू असलेली विंडोज, कायम इंटरनेट जोडणी, दोन-तीन समंजस माणसे आणि चोरीच्या सॉफ्टवेअरचा मोह नसलेले घर असेल, तर डिफेंडर पुरेसे आहे. स्टार्टमधील शोधपट्टीत 'विंडोज सिक्युरिटी' असे लिहून ते चालू असल्याची खात्री करावी. सर्व विभागांवर हिरवी खूण दिसली, की काम झाले. नव्या लॅपटॉपबरोबर एखाद्या कंपनीचे महिना-दोन महिने मुदतीचे अँटीव्हायरस आधीच बसवलेले असते आणि ते असेपर्यंत डिफेंडर स्वतःहून मागे सरते. मुदत संपल्यावर ते विकत घ्यायचे नसल्यास पूर्णपणे काढून टाकावे. अर्धवट मेलेला पहारेकरी दारात बसवून ठेवू नये.

कोणी विकत घ्यावे?

काही घरांत पैसे खर्च करण्यास सबळ कारण असते. जेथे इंटरनेट अधूनमधून मिळते आणि बाहेरचे पेनड्राइव्ह मात्र रोज लागतात, तेथे जोडणीविना चांगले काम करणारे उत्पादन उपयोगी पडते. लग्नाच्या छायाचित्रांचे काम, शाळेचे पेपर, डीटीपी, झेरॉक्सच्या दुकानात ये-जा हा ज्यांचा नित्याचा व्यवहार आहे, त्यांचा यात समावेश होतो. पेनड्राइव्ह लावताच त्यावरील प्रोग्रॅम आपोआप चालण्याची विंडोजची जुनी सवय फेब्रुवारी २०११ च्या दुरुस्तीने मोडली गेली, तरी फोल्डरच्या जागी तसेच दिसणारे 'शॉर्टकट' ठेवून फसवणारे प्रकार अजूनही आढळतात. घरातूनच कर सल्लागार, लेखापाल किंवा वकील म्हणून काम करणाऱ्यांकडे दुसऱ्यांची कागदपत्रे असतात. त्यांनीही खर्चाचा विचार करावा.

दुसरे कारण माणसांचे आहे. मुले परदेशी किंवा परगावी आणि घरी ज्येष्ठ नागरिक एकटे, असे चित्र असेल, तर अडचणीच्या वेळी फोनवर मराठीतून वा हिंदीतून बोलणारा माणूस मिळणे ही गोष्ट अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेपेक्षा मोलाची ठरते. देशी कंपन्यांचे पारडे येथे जड पडू शकते. खरेदीआधी मदत केंद्राचा क्रमांक एकदा फिरवून पाहावा. किती वेळाने कोणी उचलले आणि कोणत्या भाषेत बोलले, एवढ्या माहितीतून खोक्यावरील जाहिरातीपेक्षा अधिक कळते. मुलांच्या वापरावर वेळेचे बंधन, एकाच परवान्यात फोन व संगणक दोन्ही, अशा सोयींसाठीही काही जण पैसे देतात; मात्र यातील पुष्कळ सोयी विंडोज आणि अँड्रॉइडमध्ये विनामूल्य आहेत, हे आधी तपासून घ्यावे.

चाचण्या वाचाव्यात कशा?

इंटरनेटवर 'दहा सर्वोत्तम अँटीव्हायरस' अशा याद्यांचा सुकाळ आहे. त्यांतील अनेक याद्या लिहिणाऱ्यास प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसे कबूलही केलेले असते. विश्वास ठेवावा तो पद्धत जाहीर करणाऱ्या प्रयोगशाळांवर. जर्मनीतील माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि लंडनची एसई लॅब्स ही यातील मान्यवर नावे असून त्यांचे निकाल कोणालाही वाचता येतात.

एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता या तीन कसोट्यांवर प्रत्येकी सहा असे एकूण १८ गुण देते. यातील तिसऱ्या कसोटीचा अर्थ नीट समजून घ्यावा. पडदे सुबक आहेत का, हे तेथे पाहिले जात नाही. निर्दोष फाइलला दोषी ठरवण्याचे प्रकार किती, हे मोजले जाते. घरगुती ग्राहकाने याच आकड्याकडे जास्त लक्ष द्यावे. खोट्या इशाऱ्यांचा भडिमार करणारे सॉफ्टवेअर माणसाला प्रत्येक इशाऱ्यावर डोळे मिटून 'होऊ द्या' म्हणायला शिकवते आणि मग खरा इशाराही तसाच जातो. जुने, डिजिटल स्वाक्षरी नसलेले प्रोग्रॅम ज्यांच्या कामात आहेत, त्यांना हा त्रास विशेष होतो.

एकाच महिन्याच्या निकालावरून मत बनवू नये. चाचणीत काही शे नमुने असतात. एक-दोन नमुने निसटले की टक्केवारी हलते. त्यामुळे ९९.६ आणि ९९.८ यांतील फरकाला अर्थ नसतो. दोन वर्षे सातत्याने वरच्या फळीत असणारे उत्पादन निवडावे आणि त्यातही आपला संगणक जुना असल्यास वेगाच्या कसोटीला झुकते माप द्यावे. चार जीबी मेमरीच्या संगणकावर तपासणी सुरू होताच सगळे काम ठप्प होत असेल, तर ते अँटीव्हायरस महिन्याभरात बंद करून ठेवले जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. विकत घेण्यापूर्वी बहुतेक कंपन्या ३० दिवसांची चाचणी प्रत देतात. ती आपल्याच संगणकावर चालवून पाहण्यासारखी दुसरी परीक्षा नाही. मात्र एका वेळी एकच. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. दोघेही प्रत्येक फाइल आधी आपल्या हाती घेण्यासाठी झगडतात आणि संगणक गोठतो.

किल्ली कोणाच्या हाती?

अँटीव्हायरसला संगणकातील प्रत्येक फाइल पाहण्याचा, कोणताही प्रोग्रॅम थांबवण्याचा अधिकार द्यावा लागतो. घरातील सर्व खोल्यांच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यायच्या, त्याची चौकशी करणे क्रमप्राप्तच आहे. पण येथे ती क्वचित होते.

विनामूल्य अँटीव्हायरससाठी जगभर लोकप्रिय असलेल्या 'अव्हास्ट'चे उदाहरण बोलके आहे. ग्राहक कोणती संकेतस्थळे पाहतात, याची माहिती कंपनी आपल्या 'जम्पशॉट' या उपकंपनीमार्फत विकत असल्याचे जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केले. उपकंपनी लगेच बंद करण्यात आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अव्हास्टला एक कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास आणि अशी माहिती जाहिरातीसाठी न विकण्यास फर्मावले. दुकानात वेगवेगळ्या रंगांच्या खोक्यांत दिसणारी नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आज 'जेन डिजिटल' या एकाच कंपनीची आहेत, हेही ग्राहकाला सहसा ठाऊक नसते.

रशियातील 'कॅस्परस्की'ची चाचण्यांतील कामगिरी नेहमीच उत्तम राहिली, तरी अमेरिकेने जून २०२४ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन तिच्या विक्रीवर बंदी घातली. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर तेथील ग्राहकांची अद्ययावत यादी बंद झाली आणि अनेकांच्या संगणकावर न विचारता दुसऱ्याच कंपनीचे अँटीव्हायरस बसवले गेले. तो निर्णय अमेरिकेपुरता होता. परंतु दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरताना मधल्या काळात कंपनीचे काय होईल, याचा विचार करावा, एवढा बोध त्यातून घेता येतो. देशी उत्पादन म्हणजे निर्धोक, असेही नाही. ई-स्कॅनच्या अपडेटच्या मार्गात घुसून काही हल्लेखोरांनी आपले प्रोग्रॅम पसरवल्याचे संशोधकांनी एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. ती वाट कंपनीने त्याआधीच बुजवली होती. मॅकॅफीच्या २१ एप्रिल २०१० च्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीच्याच एका आवश्यक फाइलला व्हायरस ठरवून असंख्य संगणक बंद पाडले होते. चूक कोणाचीही होऊ शकते. ती झाल्यावर कंपनी किती लवकर आणि किती स्पष्ट बोलते, हे पाहावे.

पैशांची बाजू

पहिल्या वर्षीची किंमत पाहून निर्णय घेणे ही येथील नेहमीची चूक. अर्ध्या किमतीत दिलेला परवाना दुसऱ्या वर्षी पूर्ण किमतीने आपोआप वाढवला जातो. खरेदीच्या वेळी 'ऑटो रिन्यूअल'ची खूण काढून टाकता येते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार कार्डावरून अशी आवर्ती रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि ती रद्द करण्याची सोयही असली पाहिजे. ही सूचना जाहिरात समजून पुसून टाकू नये. दुकानातून खोका घेताना सील शाबूत आहे ना, हे पाहावे आणि परवाना आपल्याच ई-मेल पत्त्यावर नोंदवावा. दुकानदाराच्या पत्त्यावर नोंदवल्यास संगणक बदलताना त्याच्याच मागे धावावे लागते. अनेक कंपन्या जुन्या ग्राहकाला नूतनीकरणासाठी जी किंमत सांगतात, त्यापेक्षा बाजारात नवा परवाना स्वस्त मिळतो. याला तर्क नाही, पण तसे आहे.

विनामूल्य आवृत्त्यांचा विचार करणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की डिफेंडर असताना आणखी एक विनामूल्य उत्पादन बसवून हाती पडतात त्या मुख्यतः 'पूर्ण आवृत्ती घ्या' असे सांगणाऱ्या खिडक्या.

बनावट पहारेकरी

अँटीव्हायरसच्या नावाने होणारी फसवणूक व्हायरसइतकीच जुनी आहे. २००८-०९ च्या सुमारास 'अँटीव्हायरस २००९' अशा भारदस्त नावांचे बनावट प्रोग्रॅम खोटी तपासणी करून शेकडो व्हायरस 'सापडल्याचे' दाखवत आणि ते काढण्याचे पैसे मागत. आज तोच खेळ ब्राउझरमध्ये चालतो. एखाद्या संकेतस्थळाने 'सूचना दाखवू का?' असे विचारले आणि अनवधानाने 'होय' म्हटले गेले, की पडद्याच्या कोपऱ्यात नामांकित कंपनीच्या चिन्हासह 'आपली मुदत संपली, पाच व्हायरस सापडले' असे इशारे येऊ लागतात. ते अँटीव्हायरसचे नसतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या संकेतस्थळाची परवानगी काढली, की ते थांबतात.

पडद्यावर दूरध्वनी क्रमांक देऊन 'संगणक कुलूपबंद झाला आहे, त्वरित संपर्क साधा' असे सांगणारे पान दिसले, तर तो क्रमांक फिरवू नये. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक देत नाही. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखे दुरून ताबा घेणारे सॉफ्टवेअर बसवले, की पुढे जे घडते ते कोणताही अँटीव्हायरस रोखत नाही; कारण एनीडेस्क हे रीतसर सॉफ्टवेअर आहे आणि ते मालकाने स्वतःच्या हाताने बसवलेले असते. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

अँटीव्हायरसच्या पलीकडे

अलीकडे वाढलेला आणखी एक प्रकार असाच मालकाच्या हातून काम करवून घेतो. संकेतस्थळावर 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' असा चौकोन येतो आणि विंडोजचे बटण व 'आर' दाबून तेथे काही चिकटवण्यास सांगितले जाते. चिकटवलेली ओळ म्हणजे संगणकाला दिलेली आज्ञा असते. तिच्यावाटे येणारे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू खात्यांच्या खुणा काही सेकंदांत उचलून नेतात. अशाच 'लुमा' या प्रोग्रॅमने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत तीन लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांना बाधा केल्याचे मायक्रोसॉफ्टने म्हटले होते. खरा 'कॅप्चा' कधीही की-बोर्डवरून आज्ञा द्यायला लावत नाही, हे घरातील प्रत्येकाला एकदा सांगून ठेवावे.

घरगुती छायाचित्रांचा सर्वात मोठा शत्रू मात्र 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' या नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर ठरला आहे. तो मुख्यतः फुकटात मिळणाऱ्या 'क्रॅक' सॉफ्टवेअरमधून आला. बारशापासून बारावीपर्यंतची सगळी छायाचित्रे कुलूपबंद करून तो ९८० डॉलर मागे आणि ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मे. फोटोशॉप फुकट मिळावे म्हणून अँटीव्हायरस पाच मिनिटे बंद केलेल्या घरांनी ही किंमत मोजली आहे.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे वेगळी प्रत. एक बाह्य हार्ड डिस्क घेऊन महिन्यातून एकदा महत्त्वाच्या फाइली तिच्यावर उतरवाव्यात आणि काम होताच ती काढून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली डिस्कही संगणकाबरोबरच कुलूपबंद होते, म्हणून 'काढून' या शब्दाला महत्त्व. अँटीव्हायरससाठी ठेवलेल्या पैशांतून आधी ही डिस्क घ्यावी, उरल्यास परवाना. डिफेंडर वापरणाऱ्यांना 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोयही चालू करता येते. ती मुळात बंद असते. चालू केल्यावर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांत बदल करता येत नाहीत. सुरुवातीला एखाद्या परिचित प्रोग्रॅमलाही ती अडवते आणि त्याला परवानगी द्यावी लागते.

रोजच्या वापरासाठी 'ॲडमिनिस्ट्रेटर' नसलेले साधे खाते उघडून मुलांना तेच द्यावे. पहारेकरी जागा आहे का, हे पाहण्यासाठी 'आयकार' ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल उतरवून पाहता येते. तिला अडवले गेले नाही, तर काहीतरी बिघडले आहे. एखाद्या फाइलची शंका आल्यास व्हायरसटोटल या संकेतस्थळावर ती चढवून अनेक अँटीव्हायरसांचे मत एकदम घेता येते. मात्र तेथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना पाहता येते, म्हणून आधार कार्ड, पासबुक, करविवरण असे काही तेथे टाकू नये.

बाधा झालीच, तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ऑफलाइन स्कॅन'चा पर्याय आहे. त्यात विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे दडून बसलेले प्रोग्रॅमही सापडतात. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'वर विनामूल्य सफाई साधने मिळतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून, आणि त्यात ई-मेलचा पासवर्ड सर्वांत आधी. बाकीच्या खात्यांचे पासवर्ड त्याच्याच आधारे बदलले जातात. फाइली कुलूपबंद झाल्या असतील, तर खंडणी भरण्याआधी युरोपोल व डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांच्या साह्याने २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर किल्ली उपलब्ध आहे का, ते पाहावे. ती नसली तरी कुलूपबंद फाइली पुसून टाकू नयेत, एखाद्या डिस्कवर तशाच जपून ठेवाव्यात. 'स्टॉप'च्या जुन्या १४८ प्रकारांसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये विनामूल्य किल्ली निघाली, तेव्हा ज्यांनी फाइली ठेवल्या होत्या त्यांतील अनेकांना आपली छायाचित्रे परत मिळाली.